घडीचं पार्टिशन दर श्रावणात का बिघडतं, आणि गणपतीआधी ते कसं सावरायचं

गणपतीला पंधरा दिवस उरले की मला येणारे निरोप जवळजवळ ठरलेले असतात. "दादा, पार्टिशन खाटेमागून काढलं, पण उघडतच नाही." "उघडलं तर आत पांढरी-हिरवी बुरशी, कुबट वास." "खाली रोज पिठासारखा भुसा पडतोय." मुंबईहून चाकरमानी यायचे असतात. माजघरात दोन कुटुंबं झोपवायची असतात, एखादी लेकुरवाळी असते, म्हातारी माणसं असतात, प्रत्येकाला थोडा आडोसा हवा असतो. आणि ज्या आठवड्यासाठी ते पार्टिशन घेतलं, नेमकं त्याच आठवड्यात ते हातात घ्यावंसं वाटत नाही. मागच्या वर्षी दुरुस्त केलेलं यंदा पुन्हा तसंच होतं.

देवगड तालुक्यात मी बांबूची आणि फणसाच्या लाकडाची घडीची पार्टिशनं बनवतो, दुरुस्तही करतो. सुरुवातीची काही वर्षं मी प्रत्येक तक्रारीला पॉलिश हेच उत्तर द्यायचो. घासून पुन्हा एक हात मारून द्यायचो आणि पुढच्या श्रावणात तेच पार्टिशन परत यायचं. मग एकाच घराण्यातल्या दोन पार्टिशनांनी मला खरं कारण दाखवलं. दोन्ही मी बांबूच्या एकाच बेटातल्या माणगा जातीच्या कांबी विणून, एकाच आठवड्यात केलेली होती. एक थोरल्या घरात गेलं, दुसरं शेजारीच धाकट्यांकडे. थोरल्या घरातल्यांनी ते नीट घडी घालून, ताडपत्रीत गुंडाळून, भिंतीला टेकवून ठेवलं. धाकट्या काकींकडे जागाच नव्हती, म्हणून त्यांचं पडवी आणि माजघर यांच्या मधे नागमोडी उभं राहिलं ते बारा महिने. तीन पावसाळ्यांनंतर जपून ठेवलेल्याच्या तट्ट्या, म्हणजे चौकटीतली कांबींची विणकामं, बदलाव्या लागल्या. काकींच्या पार्टिशनला खालच्या कडेचा थोडा काळेपणा सोडला तर काही झालेलं नव्हतं.

तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक पार्टिशनबद्दल मी आधी एकच प्रश्न विचारतो: पावसात ते कुठे आणि कसं ठेवलं होतं? आपल्याकडे पार्टिशन वापरून फार क्वचित खराब होतं. खराब होतं ते घडी करून ठेवल्याने.

घडीच्या आत काय होतं

बुरशीला दोन गोष्टी लागतात, ओल आणि खाणं. पृष्ठभागालगतच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की ती धरते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या किनाऱ्यावर हवा ८५-९० टक्क्यांवर असतेच. म्हणजे बाहेर पाणी न लागताही बुरशी येऊ शकते. खाणं तर पार्टिशनमध्येच असतं. बांबूतलं पिष्ट, सरस, हाताचा घाम, साठलेली धूळ, सगळं तिला चालतं.

मग काकींचं का वाचलं? श्रावणात पाऊस सलग नसतो. मधूनमधून उघडीप येते, दोन तास ऊन पडतं, वारा फिरतो आणि घरातली हवा थोडी कोरडी होते. उघड्या पल्ल्याला तेवढ्या वेळात सुकायला मिळतं. तीन-चार पल्ले एकमेकांना चिकटून असतील तर पावसातली दमट हवा हळूहळू आत शिरते, पण उघडीप आत पोचत नाही. वर ताडपत्री गुंडाळली असेल तर आतली ओल आतच कोंडते. प्लास्टिकमध्ये बांधलेलं पार्टिशन मी आजवर एकदाही चांगल्या अवस्थेत सोडवलेलं नाही. धूळ बसू नये एवढ्यासाठी झाकायचंच असेल तर जुनी सुती साडी किंवा चादर टाका, तिच्यातून हवा खेळते.

समुद्राच्या अगदी कडेच्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. खाऱ्या वाऱ्याने लाकडावर, कापडावर, बिजागऱ्यांवर मिठाचा न दिसणारा थर बसतो. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. त्यामुळे किनाऱ्यावरचं पार्टिशन पाऊस सुरू व्हायच्या आधीच चिकट लागायला लागतं आणि उघडिपीतही लवकर सुकत नाही. यावरचा उपाय अगदी साधा आहे. मे महिन्याच्या शेवटी, कडक ऊन असताना, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पार्टिशन दोन्ही बाजूंनी पुसायचं आणि दिवसभर उन्हात दोन्ही अंगं वाळवायची. हा एक दिवस दिलात तर पावसाळ्यातली निम्मी कटकट टळते. घरं धुवून-सारवून घ्यायचा काळ तोच असतो, त्यातच हे काम बसतं.

दोष भिंतीचा की हवेचा, हे आधी ठरवा

जांभ्या दगडाच्या भिंती आणि जुनी जमीन पाणी शोषून वर चढवतात. म्हणून पार्टिशनचा खालचा वीतभर भाग किंवा भिंतीकडची एकच बाजू खराब झाली असेल तर संशय भिंतीवर घ्यायला हवा. सगळीकडे सारखी, विशेषतः आतल्या घड्यांत, बुरशी असेल तर दोष कोंडलेल्या हवेचा.

खात्री करायला फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, तसाच एक जमिनीला. दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून किंवा जमिनीतून येतेय. बाहेरच्या बाजूला धरलं तर हवेतून. भिंतीतून येत असेल तर पार्टिशनवर कितीही मेहनत घेतलीत तरी ते तिथे टिकणार नाही. भिंतीपासून निदान चार बोटं सोडून उभं करा आणि पायाखाली काळ्या दगडाचे किंवा जुन्या लादीचे तुकडे द्या. पागोळ्यांचं पाणी त्या भिंतीवर उडतंय का हेही एकदा भर पावसात बाहेर उभं राहून बघा. एका घरात दोन वर्षं मी पल्ले बदलत होतो आणि मूळ दोष फुटलेल्या पन्हळीचा निघाला.

उघडत नाही, अडकतं, वाकतं

लाकूड आणि बांबू हवेतली ओल घेऊन फुगतात, पण लांबीला जवळजवळ नाहीत, रुंदीला फुगतात. एप्रिल-मेपासून ऑगस्टपर्यंत फूटभर रुंदीची फळी आपल्याकडे साधारण तीन-चार मिलिमीटरनी रुंद होते. चार फळ्या शेजारी शेजारी असतील तर सव्वा-दीड सेंटिमीटर झालं. चौकटीत घट्ट बसवलेलं पार्टिशन मग अडकणारच. पुण्यात, घाटावरच्या कोरड्या उन्हाळ्यात बनवून आणलेली पार्टिशनं इथे पहिल्याच पावसात जास्त त्रास देतात, याचं कारण तेच. ती तिथल्या हवेला वाळलेली असतात आणि इथे आल्यावर त्यांना दुपटीने फुगावं लागतं.

अशा वेळी रंधा हातात घ्यायची घाई करू नका. ऑगस्टमध्ये रंधा मारून बरोबर बसवलेलं पार्टिशन मार्चमध्ये खुळखुळतं, फटीतून पलीकडचं दिसतं. भाद्रपद निघेपर्यंत बिजागरीचे स्क्रू थोडे सैल करून वेळ काढा. दिवाळीनंतर ते आपोआप मोकळं होतंय का बघा आणि मगच कडा घ्या. नवीन बनवून घेत असाल तर सुताराला स्पष्ट सांगा, फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसू दे, खिळा किंवा सरस नको.

पल्ला होडीसारखा वाकला असेल तर त्याच्या पाठीकडे बघा. दहातल्या बहुतेक वेळा पुढून रंग किंवा सनमायका असतो आणि मागची बाजू कोरी. कोरी बाजू ओल पिते, रंगवलेली पीत नाही, म्हणून पल्ला वाकतो. मागच्या बाजूला तोच रंग तेवढेच हात द्या, वरची आणि खालची कडही सोडू नका. आधी पल्ला कोरडा व्हायला हवा, त्यामुळे हे काम कार्तिकातलं, गणपतीच्या धावपळीतलं नव्हे.

एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचं पार्टिशन खालून फुगून फुटलं असेल तर ते दुरुस्त होत नाही. ओल गेली तरी त्याचा भुसा पुन्हा घट्ट बसत नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांचे पैसे गेलेले असतात, हे मला ठाऊक आहे, म्हणून हे सांगताना वाईट वाटतं. पण त्यावर आणखी खर्च करू नका. प्लायवूडच हवं असेल तर दुकानात एमआर (नुसता दमटपणा सोसणारं) लिहिलेलं घेऊ नका, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं) मागा.

भुसा पडतोय: पोरकिडा

बांबूच्या पार्टिशनखाली पिवळसर पिठाची रांगोळी दिसली आणि कांबीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली की तो पोरकिडा. पुष्कळजण त्याला वाळवी समजून औषध मारतात. वाळवी मातीच्या नळ्या करते आणि जमिनीतून येते. पोरकिडा बांबूच्या आतच वाढतो, बाहेरून फवारलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला हवं असतं बांबूतलं पिष्ट. म्हणून त्याचा बंदोबस्त पार्टिशन विणायच्या आधीच व्हायला हवा.

बांबू कोवळा नसावा. तीन-चार वर्षांची काठी, पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेली, ही पहिली अट. जुनी माणसं कृष्णपक्षात तोडायला सांगतात. मी तो रिवाज पाळतो, पण माझ्या अनुभवात काठीचं वय आणि हंगाम यांनी फरक जास्त पडतो. तोडलेला बांबू पूर्वी वाहत्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, दगडांखाली तीन-चार आठवडे बुडवून ठेवत, पिष्ट धुवून जायचं. अजूनही चालतं. व्हाळ मात्र वाहता हवा, साचलेल्या डबक्यात बांबू कुजतो.

आता मी टाकणखार आणि बोरिक पावडर वापरतो. वीस लिटर पाण्याला ६०० ग्रॅम टाकणखार आणि ४०० ग्रॅम बोरिक पावडर, म्हणजे पाच टक्क्यांचं पाणी होतं. आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग बाकीचं पाणी घालायचं. चिरलेल्या कांबी चार-पाच दिवस पूर्ण बुडलेल्या राहायला हव्यात. चौकटीसाठी अख्खा बांबू असेल तर आतल्या गाठी लांब सळईने फोडून दहा-बारा दिवस. मग सावलीत, उभे करून, दोन-तीन आठवडे वाळवायचे. हा खार पावसाच्या पाण्याने धुपून जातो, म्हणून अंगणातल्या कुंपणाला त्याचा फारसा उपयोग नाही. घरातल्या पार्टिशनला मात्र पुरतं. हातमोजे घाला, पिंप मुलांपासून आणि गुरांपासून लांब ठेवा. उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा कलमांच्या आळ्यात ओतू नका, जास्त बोरॉन झाडांना बाधतं. पुढच्या खेपेच्या बांबूला ते पुन्हा वापरता येतं. हे सगळं घरी करणं जमणार नसेल तर कुडाळची कोनबॅक ही संस्था बांबूवर काम करते, तिकडे प्रक्रिया केलेल्या बांबूची चौकशी करा.

आधीच लागलेलं असेल तर? अख्खं पार्टिशन टाकून देऊ नका. बांबूच्या पार्टिशनचा मोठा गुण हाच आहे की तट्टी वेगळी निघते. कांबीवर नख दाबून बघा. जिथे नख रुततं ती कांब गेली, जिथे टणक लागतं ती राहू द्या. चौकट शाबूत असेल तर बुरुड नवी तट्टी विणून देतो. टिकाऊ वस्तू म्हणजे न मोडणारी वस्तू असं मला वाटत नाही. जी गावात, गावातल्या माणसाकडून, गावातल्या मालाने पुन्हा उभी करता येते ती टिकाऊ. प्रत्येक तट्टीमागे एका बुरुडाच्या घरात दोन दिवसांचं काम जातं, हेही मी दर मोजताना विसरत नाही.

कागदी आणि कापडी पार्टिशनांबद्दल

होमस्टेवाले हल्ली अकॉर्डियनसारखी लांबणारी, मधमाशीच्या पोळ्यासारख्या रचनेची कागदी पार्टिशनं विचारतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या मोलो या स्टुडिओने ही कल्पना जगभर पोचवली. पुस्तकासारखं मिटलेलं पार्टिशन ओढलं की भिंत होते, आणि टोकांना चुंबक असल्यामुळे एकाला दुसरं जोडता येतं. रचना खरोखर सुंदर आहे. पण क्राफ्ट कागद दमट हवेत आपली निम्मी ताकद घालवून बसतो, म्हणून किनाऱ्यावर कागदी प्रकार ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळापुरता समजा. मोलो तीच रचना न विणलेल्या पॉलिथिलीनच्या कापडातही करते. त्या कापडाला ओल बाधत नाही, इथे तोच प्रकार शोभेल. मिठाचा आणि धुळीचा थर त्याच्याही घड्यांत बसतो, तेव्हा मे महिन्यातली पुसापुशी त्यालाही चुकत नाही.

मला स्वतःला जपानी वास्तुकार शिगेरू बान यांची पद्धत आपल्या घरांसाठी जास्त जवळची वाटते. भूकंप-त्सुनामीनंतर शाळांच्या व्यायामशाळांत राहणाऱ्या कुटुंबांना आडोसा मिळावा म्हणून त्यांनी कागदी नळ्यांची चौकट उभी करून तिला कापडाचे पडदे लावले. २०११च्या त्सुनामीनंतर ती पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपण कागदी नळीऐवजी बांबू घ्यायचा. चौकट उभी राहते, पडदा निघतो, धुतला जातो, दोरीवर वाळतो. जिथे भिंत ओली आहे आणि काहीच टिकत नाही अशा घरात मी आता हेच सुचवतो. आवाज अडत नाही, ही त्याची उणीव आहे. पण लहान मूल झोपवायला आणि कपडे बदलायला तेवढं पुरतं.

बाकीच्या तक्रारी छोट्या आहेत. लोखंडी बिजागऱ्या आणि चाकं गंजणारच, पितळी बिजागरी आणि नायलॉनची चाकं घ्या. बांबूच्या हलक्या पल्ल्यांना मी रुंद नवारीच्या पट्ट्या आठच्या आकड्यासारख्या गुंफतो. त्या दोन्ही बाजूंना वळतात आणि गंजत नाहीत. पार्टिशन वाऱ्याने पडत असेल तर ते सरळ ताणून उभं केलंय का ते बघा, पल्ल्यांमधे साधारण काटकोन राहिला तर ते स्वतःच्या जोरावर उभं राहतं.

पावसाळ्यात ठेवायचं कसं

जागा असेल तर काकींसारखं, उघडं, नागमोडी, वारा येतो तिथे. जागा नसेल तर पल्ले सुटे करा. मी आता खिळा उपसून काढता येणारी बिजागरीच लावतो. प्रत्येक पल्ला वेगळा, भिंतीवरच्या दोन खुंट्यांना, मागे बांबूचे तुकडे घालून टांगायचा. घडीच करायची असेल तर दोन पल्ल्यांमधे दोन-दोन इंचांचे बांबूचे तुकडे अडकवा, म्हणजे आत हवा फिरेल. त्यातही खोली निवडायची झाली तर स्वयंपाकघराला लागून असलेली निवडा. २७ अंशाची ९० टक्के दमट हवा नुसती ३० अंशांपर्यंत तापली तर तिची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास येते. चुलीवरच्या माळ्यावर सुपं, रोवळ्या, बियाणं वर्षानुवर्षं टिकायचं त्यामागे धुराइतकाच या उबेचाही वाटा होता.

आणि गणपती आठ दिवसांवर असेल तर

पार्टिशन पडवीत आणा, माजघरात उघडू नका. तोंडाला फडकं बांधा. कोरड्या ब्रशने झाडलंत तर बुरशी घरभर उडेल. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि फडकं वरचेवर धुवा. ब्लीच ओतू नका, त्याने वरचा डाग पांढरा होतो आणि पाणी मात्र लाकडात मुरतं. उघडीप मिळाली तर ऊन द्या, नाहीतर पंख्याखाली दीड-दोन दिवस उघडं ठेवा. मग वर सांगितलेलं टाकणखाराचं पाणी फडक्याने दोन्ही अंगांना लावा, ते धुवायचं नाही, तसंच वाळू द्या. वास तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो. तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस घरात येणार असेल आणि एवढं करूनही वास राहिला, तर यंदा ते पार्टिशन वापरू नका, दोरीवर धुतलेल्या साड्या लावा.

निकामी झालेल्या कांबी चुलीत घालू नका आणि टाकणखार पाजलेल्या कांबींची सुपं किंवा टोपल्या विणून घेऊ नका. बुरुडाला तट्टी द्यायला जाल तेव्हा ही गोष्ट त्यालाही आठवणीने सांगा.